सातबाऱ्याच्या आवृत्त्या

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात चौदा तालुके आणि दीड हजारांहून अधिक गावे आहेत. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा हाच. अकोले तालुक्यातले घाटघर आणि जामखेड तालुक्यातले खर्डा यांच्यात सरळ रेषेत मोजले तरी दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर भरते. या सगळ्या गावांचे सातबारा उतारे आज एकाच संगणक प्रणालीतून निघतात. सॉफ्टवेअर तयार करणे वेगळे आणि चालत्या कारभारात ते बसवणे वेगळे. या दुसऱ्या कामाला संगणकवाले डिप्लॉयमेंट म्हणतात, तहसील कचेरीत ‘प्रणाली लागू करणे’ म्हणतात. नगर जिल्ह्याच्या जमीन-दप्तरावर गेल्या चारशे वर्षांत अशा अनेक प्रणाली लागू झाल्या. पहिल्या काही अर्थातच संगणकाविना होत्या. पण जुन्याचा नव्याशी मेळ घालणे, गावातल्या लिहित्या हाताला शिकवणे आणि दोन्ही पद्धती काही काळ शेजारी-शेजारी चालवणे या अडचणी प्रत्येक वेळी त्याच आल्या.

निजामशाहीतली सर्वांत गाजलेली महसूल-पद्धत मलिक अंबरची. नगरचा किल्ला १६०० मध्ये मोगलांच्या हाती गेला होता, त्यामुळे अंबरचा कारभार चालला तो परांडा, जुन्नर, दौलताबाद आणि खडकी इथून. त्याने इजारदारी मोडली, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला आणि वसुलीची जबाबदारी गावच्या पाटील-कुलकर्ण्यांवर टाकली. १६२६ मध्ये तो वारला, तरी ‘मलिकंबरी’ हा शब्द पुढे दीर्घकाळ दप्तरांत राहिला. ही पद्धत टिकली याचे एक कारण साधे आहे: ती चालवायला गावात आधीपासून असलेला कुलकर्णीच पुरत होता. त्याला नवे काही शिकायचे नव्हते, मोडी तो लिहीतच होता.

इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आला. पुढल्या दहा-बारा वर्षांत शेजारच्या पुणे जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर प्रिंगल याने जो प्रयोग केला, तो कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या नवशिक्यांना धडा म्हणून द्यावा असा आहे. प्रिंगलने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे ठरवले आणि त्याच्या ५५ टक्के सारा बसवला. कागदावर हिशेब चोख होता, इंग्लंडातल्या अर्थशास्त्राचा आधार होता. पण मोजणी करणारे हाताखालचे लोक शिकलेले नव्हते, लाच चालली, आकडे खोटे भरले गेले आणि पडताळणी झालीच नाही. इंदापूरकडच्या कुणब्यांनी शेते टाकून दिली. काही वर्षांतच ती पद्धत गुंडाळावी लागली.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्यानंतर केले ते उलटे. १८३६ च्या सुमारास त्यांनी एकट्या इंदापूर तालुक्यात नवी पद्धत लावून पाहिली. निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरवल्या, त्या आण्यांत मांडल्या आणि आकार तीस वर्षांसाठी कायम केला. एका तालुक्यात ती चालते असे दिसल्यावर ती पुढच्या तालुक्यांत गेली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम एकत्र लिहिले गेले. नगर जिल्ह्यातल्या तालुक्यांत ती पोचली ती इंदापूरनंतर दहा-पंधरा वर्षांत. संगणकाच्या जगात आज आधी थोड्या वापरकर्त्यांवर नवी आवृत्ती सोडून पाहतात आणि त्याला ‘कॅनरी’ म्हणतात, कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखण्यासाठी नेल्या जाणाऱ्या पक्ष्यावरून. इंदापूर हा त्या अर्थाने दख्खनचा कॅनरी पक्षी होता; आणि प्रिंगलच्या वेळी तो एकदा मेलाही होता.

मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब-रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे माप नगरच्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे, जरी सरकारी कागदावरून ते कधीच गेले. इंग्रजी अमलात कागदाची सत्ता किती वाढली होती ते १८७५ च्या दंग्यांत दिसले. त्या वर्षी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सुरू झालेला उठाव श्रीगोंदे, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः सावकारांकडच्या कर्जरोख्यांवर आणि खतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला आणि गावपातळीवर रोखे नोंदवणारे रजिस्ट्रार नेमले गेले.

मालक कोण, कूळ कोण, बोजा कुणाचा हे सांगणारे हक्कनोंदीचे पत्रक मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आले. आज ज्याला सातबारा म्हणतात त्याची घडण तिथून. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींची यादी. एकवीस क्रमांकांपर्यंत जाणाऱ्या या नमुन्यांचा परस्परसंबंध समजावणारे पुस्तक अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याने लिहिले. महसूल खात्यात ते ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणून ओळखले जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्यांच्या खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यास त्याच्या आधाराने झाला. कोणता रकाना कोणत्या वहीतून भरायचा, बेरीज कुठे जुळली पाहिजे, चूक झाली तर कुणाच्या आदेशाने दुरुस्त करायची, हे सगळे त्यात आहे. पुढे संगणक प्रणाली बांधणाऱ्यांना जो आराखडा लागला तो बराचसा तिथेच आयता होता.

या व्यवस्थेतही आवृत्त्या होत्या. दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन होई. जुन्या उताऱ्यावर कंसात गेलेली नावे वगळून चालू नावे नव्या कोऱ्या नमुन्यावर उतरवली जात. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले आणि पगारी तलाठी आला; त्याच काळात मोडीही दप्तरातून गेली आणि बाळबोध आली. मग १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना गावोगाव राबवली गेली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तेवढ्यात दशमान पद्धत आली. सात एकर तेवीस गुंठे म्हणजे ३०३ गुंठे. त्याचे होतात ३ हेक्टर ६.५५ आर. एखाद्या तलाठ्याने ३ हेक्टर ६ लिहिले, एखाद्याने ७. वहीत हा फरक कुणाला खुपत नव्हता. तो खुपायला लागला चाळीस वर्षांनी, जेव्हा बेरीज मशीन करू लागले.

जमीन-दप्तराच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतल्या एकेका जिल्ह्यात सुरू झाली. महाराष्ट्रातून निवडला गेला वर्धा. इथेही सुरुवात नमुन्यादाखल एका जिल्ह्यापासून, हे खरे. पण इंदापूरहून नगरला यायला जेवढा काळ लागला त्याहून कमी वेळ वर्ध्याहून नगरला यायला लागला असे म्हणता येत नाही. मराठी अक्षरे पडद्यावर कशी आणायची हाच तेव्हा मोठा प्रश्न होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्र त्यावरचा उपाय ठरले. संगणकात वेगळे कार्ड बसवले की देवनागरी दिसे. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे मानक ठरले. नंतर युनिकोडवर जाताना ही सारी माहिती पुन्हा एकदा लिपी बदलून घ्यावी लागणार होती. मोडी ते बाळबोध, बाळबोध ते इस्की, इस्की ते युनिकोड: एकाच शेताच्या मालकाचे नाव शंभर वर्षांत तीनदा नव्याने उतरवले गेले. राहाता तालुक्यातल्या कोऱ्हाळ्यासारखे नाव अशा वेळी कसोटीचे. त्यातला अर्धा र जिथे नीट बसतो ते रूपांतर बरे समजावे.

२००० च्या आसपास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, एलएमआयएस या प्रणालीत राज्यभरचे सातबारा भरले जाऊ लागले. टंकलेखन बहुतेक बाहेरच्या माणसांकडून करून घेतलेले. पाथर्डीतल्या एखाद्या गावातले आडनाव दुसऱ्याच जिल्ह्यातल्या मुलाने भरले तर ‘ढाकणे’चे ‘ढाकने’ व्हायला वेळ लागत नाही. सेतू केंद्राच्या खिडकीवर छापील उतारा मिळू लागला आणि लोकांना तो आवडला. हस्ताक्षर लावत बसायची गरज नव्हती. याच सुमारास कर्मचाऱ्यांना संगणकाची ओळख करून देणारा अभ्यासक्रम आला. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा वर्ग तालुक्यातालुक्याला, पुढे मोठ्या गावांतही निघाला. शासकीय नोकरीत तो सक्तीचा झाल्यामुळे नगर जिल्ह्यातल्या किती तरी तलाठ्यांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवरच्या वर्गात, शेजारी बारावीच्या मुली बसलेल्या असताना.

एलएमआयएसची रचना तालुकानिहाय होती. प्रत्येक तहसील कचेरीत स्वतंत्र संगणक, त्यात त्या तालुक्याची माहिती. नियम बदलला किंवा दोष सापडला की दुरुस्त आवृत्ती प्रत्येक ठिकाणी वेगळी बसवायची. एका तालुक्यात नवी आणि शेजारच्यात जुनी, हे अशा रचनेत होतेच. पण याहून मोठा घोटाळा वेगळाच होता: हाताने लिहिलेला सातबारा बंद झालेला नव्हता. तलाठी चावडीत नोंद धरत होता, मंडल अधिकारी ती वहीत मंजूर करत होता आणि तहसीलमधला संगणक मागे पडत होता. खरेदीखत होऊन नाव लागले, तरी छापील उताऱ्यावर जुनाच मालक. बँकेच्या शाखेत एक उतारा आणि शेतकऱ्याच्या पिशवीत दुसरा.

कर्नाटकाने हा तिढा वेगळ्या रीतीने सोडवला. तिथल्या ‘भूमी’ प्रकल्पात २००१ च्या सुमारास संगणकीय उतारा सुरू होताच त्या तालुक्यातला हस्तलिखित उतारा अवैध ठरवला गेला. ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे दोन कोटी नोंदी त्यात होत्या आणि उताऱ्याला पंधरा रुपये पडत. परतीचा दोर कापण्याची ही पद्धत कठोर होती, पण दोन दप्तरे समांतर चालवण्याचा खर्च आणि गोंधळ तिने टाळला. महाराष्ट्राने तो निर्णय घ्यायला आणखी दीड दशक घेतले आणि त्या दीड दशकाची किंमत पुढे दोन्ही सातबारा जुळवण्याच्या कामात चुकवली.

जगात याच काळात सॉफ्टवेअर बसवण्याची रीतच पालटत होती. २००९ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या दोन अभियंत्यांनी दिवसातून दहाहून अधिक वेळा नवी आवृत्ती सोडता येते असे एका परिषदेत सांगितले, तेव्हा ऐकणारे चकित झाले. त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट शहरात ‘डेव्हऑप्स’ या नावाची पहिली बैठक भरली. प्रणाली लिहिणारे आणि ती चालवणारे यांच्यातली भिंत पाडावी हा तिचा विषय. २०१० मध्ये हम्बल आणि फार्ली यांचे ‘कंटिन्युअस डिलिव्हरी’ हे पुस्तक आले: बदल लहान ठेवा, वारंवार सोडा, प्रत्येक बदल यंत्राकडून तपासून घ्या, बिघडले तर मागच्या आवृत्तीवर परता. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प लिनक्स, गिट अशा विषयांचे धडे मराठीतूनही देऊ लागला. सातबाऱ्याला मात्र ‘मागच्या आवृत्तीवर परता’ हे सूत्र तसेच्या तसे लावता येत नाही. फेरफार मंजूर झाला की त्यावर कर्ज निघते, वाटण्या होतात, कोर्टात दावे पडतात. छायाचित्रांचे पान रात्री जुन्या रूपात नेता येते, मालकी हक्क नेता येत नाही. जमिनीच्या नोंदीत चूक पुसायची नसते, नव्या नोंदीने दुरुस्त करायची असते. फेरफार नोंदवहीचा हा नियम शंभर वर्षांपूर्वीचा, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही आज तोच पाळतात.

ई-फेरफार ही प्रणाली २०१३ च्या सुमारास सुरू झाली. केंद्राच्या २००८ च्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाचा तिला आधार होता. पुण्यातले जमाबंदी आयुक्त कार्यालय आणि एनआयसी यांनी ती उभी केली. राज्याचे महसूलमंत्री तेव्हा संगमनेरचे बाळासाहेब थोरात होते. पुढे २०१९ च्या अखेरीपासून पुन्हा थोरात आणि २०२२ पासून लोणीचे राधाकृष्ण विखे पाटील, म्हणजे या प्रणालीच्या आयुष्यातला मोठा काळ महसूल खाते नगर जिल्ह्याकडेच होते. त्याने जिल्ह्यातले नेटवर्क सुधारले असे मात्र कुणी म्हणणार नाही.

नव्या रचनेत माहिती तालुक्याच्या कपाटातून निघून मध्यवर्ती सर्व्हरवर गेली. दुय्यम निबंधकाकडे आय-सरिता प्रणालीत खरेदीखत नोंदले की त्याची सूचना तलाठ्याच्या लॉगिनला येते. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा आपोआप बदलतो. प्रत्येक टप्प्यावर अंगठ्याचा ठसा किंवा डिजिटल स्वाक्षरी. कुणी, कधी, काय बदलले याचा माग राहतो. वहीत पानाच्या कडेला बारीक अक्षरांत नोंद घुसडण्याची सोय संपली.

पण हे सुरू होण्याआधी संगणकातला सातबारा चावडीतल्या सातबाऱ्याशी तंतोतंत जुळायला हवा होता. या जुळवणीसाठी आधी एडिट मोड्यूल, मग रि-एडिट ही साधने दिली गेली आणि २०१५ ते २०१८ ही वर्षे तलाठ्यांची त्यातच गेली. काम दिसायला सोपे: छापील प्रत काढायची, हस्तलिखिताशेजारी ठेवायची, रकाना-रकाना ताडायचा. तलाठ्याने सगळे उतारे तपासायचे, वरच्या अधिकाऱ्यांनी आपापल्या ठरलेल्या टक्क्यांएवढे. शेवटी घोषणापत्र द्यायचे की या गावाचे काम पूर्ण आणि अचूक आहे. त्यानंतर गावाचा हस्तलिखित सातबारा बंद, आणि राहिलेली चूक महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशानेच दुरुस्त.

अडचण कुठे होती ते एका उताऱ्यावरून पाहता येईल. वहीतल्या सातबाऱ्यावर जमीन विकणाऱ्याचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. खाली नव्या मालकाचे नाव, पुढे फेरफार क्रमांक. माणसाला कंसाचा अर्थ लगेच कळतो: हा आता मालक नाही. संगणकात टंकलेखकाने नाव भरले, कंस राहिला, तर एकाच शेताचे दोन मालक झाले. नावाला कंस झाला पण क्षेत्राला राहिला, तर क्षेत्र दुप्पट. त्यात वहीतली संक्षेपांची भाषा: ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान मुलगा पुढे पन्नाशीला आला, पालनकर्ती आई वारली, तरी उताऱ्यावर ‘अ.पा.क.’ तसेच. प्रणालीला या तीन अक्षरांचे काय करायचे ते सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी आधी तलाठ्याने त्या घरचा इतिहास माहीत करून घ्यावा लागतो.

क्षेत्राचा तिढा याहून चिवट. वर सांगितलेले ३ हेक्टर ७ आर तीन भावांत वाटले. प्रत्येकी १ हेक्टर २ आर लिहिले. बेरीज ३ हेक्टर ६ आर. एक आर कुठे गेला? वहीत कुणी विचारले नसते. प्रणाली विचारते, आणि एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही अशा उताऱ्यांची यादी काढून देते. तलाठ्यांच्या बोलण्यात हे ‘अहवाल’ आले ते तेव्हापासून. अमुक सजाचा अहवाल शून्य झाला की नाही, यावर आढावा बैठका होऊ लागल्या. शून्य करण्याच्या घाईत कुठे क्षेत्र कमी करून जुळवले गेले, कुठे वाढवून. मूळ फेरफार काढून पाहणारा तलाठी आठवडाभर एकाच गटावर अडकायचा आणि यादीत मागे दिसायचा. कोणत्याही प्रणालीत मोजमाप ज्याचे होते तेच काम पुढे सरकते, आणि इथे मोजले जात होते ते संपलेले काम.

श्रीरामपूर आणि राहाता पट्ट्यात तर आणखी एक थर होता. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर या साखर कारखान्यांच्या आणि पुढे शेती महामंडळाच्या ताब्यातल्या जमिनी खंडकरी, म्हणजे मुळात जमीन खंडाने दिलेल्या, शेतकऱ्यांना परत देण्याचे काम २०१२ नंतर सुरू झाले, म्हणजे ज्या वेळी उतारे संगणकात स्थिर करायचे त्याच वेळी मालकीच बदलत होती. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात अडचण साधी होती: पाऊस आणि नेटवर्क. तिथला तलाठी तालुक्याच्या गावी येऊन बसल्याशिवाय काम उरकत नसे. सर्व्हरचा वेग, लॅपटॉप, प्रिंटर, डेटा कार्डाचा खर्च या तक्रारी राज्यभर होत्या आणि तलाठी संघटनांनी त्यावर आंदोलनेही केली. पुढे माहिती क्लाऊड सर्व्हरवर नेल्यावर वेगाचा त्रास कमी झाला, संपला नाही.

जुळवणीतली सर्वांत चांगली कल्पना तंत्राची नव्हती. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांना जमवून संगणकातले सातबारा मोठ्याने वाचून दाखवायचे, ज्याला चूक वाटेल त्याने तिथेच सांगायची. सॉफ्टवेअर कंपन्या यालाच वापरकर्त्यांकडून स्वीकृती-चाचणी म्हणतात आणि तिच्यासाठी दोन-चार निवडक ग्राहक बोलावतात. इथे पारावर सगळे ग्राहक बसलेले. कुणाची विहीर ‘इतर हक्कां’त अर्धी लागली आहे हे म्हाताऱ्यांना पाठ असते. मोहीम जिथे मनापासून झाली तिथे पुढच्या दुरुस्त्या कमी लागल्या. जिथे कागदोपत्री झाली तिथे कलम १५५ चे अर्ज तहसीलच्या टेबलावर साठले.

शिकवण्याची व्यवस्थाही याच काळात घडली. प्रत्येक जिल्ह्यात ‘डीडीई’, म्हणजे विषय जाणणारा महसुली अधिकारी, आणि प्रत्येक तहसीलमध्ये ई-फेरफार पाहणारा नायब तहसीलदार नेमला गेला. या नायब तहसीलदाराला सगळे ‘डीबीए’ म्हणतात. संगणकशास्त्रात ही पदवी माहितीकोशाची देखभाल करणाऱ्या तज्ज्ञाची, तहसीलमध्ये ती ज्याच्याकडे पासवर्ड अडकला की जायचे त्या साहेबांची. राज्य समन्वयक असलेले उपजिल्हाधिकारी रामदास जगताप यांनी प्रणालीतल्या प्रत्येक बदलावर मराठीत सूचना आणि शंका-समाधानाची टिपणे काढली. ‘मयताचे नाव कमी करताना वारसांचे क्षेत्र कसे भरावे’ यासारख्या प्रश्नाला नियम काय, पडद्यावर कोणता पर्याय निवडायचा आणि काय केले तर पुढे अडेल, अशी ती उत्तरे. ती पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर सजासजांत फिरली. अँडरसनच्या पुस्तकाची खरी पुढची आवृत्ती हीच म्हणायला हवी, फरक इतकाच की ती बांधीव नाही आणि जुनी टिपणे नव्या नियमानंतरही मोबाइलमध्ये राहतात. तंत्रज्ञांच्या जगातही हे दुखणे आहे. प्रणालीबरोबर तिचे मार्गदर्शनही बदलत ठेवणारे संघ थोडे.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. आज तो पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. नमुन्याचे रूप त्यानंतर बदलले: गावाचा कोड, खातेदारांची नावे वेगळी, क्षेत्राचे एकक स्पष्ट लिहिलेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर लागू झाले आणि नमुना बारा भरण्याचे काम तलाठ्याकडून शेतकऱ्याच्या फोनवर गेले. हे डिप्लॉयमेंट आधीच्या सगळ्यांहून वेगळे. आता प्रणाली सरकारी कर्मचाऱ्याच्या नव्हे, लाखो अनोळखी हातांत, निरनिराळ्या दर्जाच्या फोनांवर चालवायची होती. पहिल्या हंगामात फोटो अडकणे, ओटीपी न येणे हे झाले. दुसऱ्या आवृत्तीत चूक ४८ तासांत स्वतः दुरुस्त करण्याची सोय आली आणि तलाठ्याने सगळ्या नोंदींऐवजी दहा टक्क्यांची पडताळणी करावी असे ठरले. नेवाश्याच्या उसाच्या फडात उभा राहून फोटो काढणारा शेतकरी आता चाचणीचाही भाग असतो आणि वापराचाही.

कागद अजून संपलेला नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षातली मोडी दप्तरे पुन्हा उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांची नावे काढून वारस लावले जाऊ लागले. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला आणि २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. मध्यवर्ती प्रणालीत असा बदल एका जागी होतो, चावडीतले शिक्के मात्र एकेक करून नवे घ्यावे लागतात. जुना फेरफार किंवा खासरापत्रक शोधायला जाणाऱ्याने अर्जात दोन्ही नावे लिहावीत, आणि गाव राहाता तालुक्यातले असेल तर ते आधी ज्या तालुक्यात होते त्याचे, उदाहरणार्थ कोपरगावचे, दप्तरही मागावे. राहाता तालुका नंतर निघालेला आहे.